फोटो पायांनी काढा

सीएसएमटीसमोर संध्याकाळी जरा उभे राहून बघा. जो येतो तो एकाच ठिकाणी थांबतो, फोन डोळ्यांसमोर धरतो आणि तोच फोटो काढतो. मधोमध घुमट, वर आकाश, खाली बेस्टची बस. त्यासाठी समोर सेल्फी पॉइंटही झालाय! १८७८ मध्ये बांधायला घेतलेली ही इमारत पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. आपण तिला देतो दोन सेकंद. प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत, भिंतींवर मोर, माकडं आहेत. या कोरीवकामाला तेव्हाच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत. म्हणजे तुमच्यासारख्याच पोरांचे. त्यांच्याकडे मान वर करून बघतं कोण?

चांगल्या फोटोसाठी भारी फोन लागतो, हे दुकानदाराचं म्हणणं आहे, फोटोग्राफरचं नाही. १९२५ मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर रोदचेन्कोने स्वतःच्याच राहत्या इमारतीच्या बाल्कन्या टिपल्या. भिंतीला चिकटून, थेट खालून वर. रोजची बिल्डिंग एकदम शिडीसारखी आकाशात चढली. त्या काळी बरेच कॅमेरे पोटाशी धरून वरून आत बघत, त्यामुळे फोटोतलं जग बेंबीच्या उंचीवरून दिसे. रोदचेन्कोचं भांडण त्याच उंचीशी होतं. आपण बेंबीवरून डोळ्यांपर्यंत आलो आणि तिथेच अडकलो, एवढाच काय तो फरक.

फोनमधली ग्रिड चालू करा, विषय रेघा जिथे छेदतात तिथे ठेवून बघा. हे एका दुपारात जमतं. पाय हलवायला मात्र वेळ लागतो. फोन उलटा धरला की लेन्स जमिनीलगत येते. मग पावसाळ्यातलं साधं डबकंही अख्खं कॉलेज पोटात घेतं. झूमऐवजी चार पावलं पुढे जा. मागच्या खांबाला कुणाच्या डोक्यातून उगवू देऊ नका. (ग्रुप फोटोत हे हमखास होतं.)

अँगल म्हणजे नुसती गंमत नव्हे. फुटपाथवर बसलेल्या भाजीवाल्या मावशींचा फोटो उभ्याने काढला, की त्या आपोआप लहान आणि केविलवाण्या दिसतात. विचारून, समोर उकिडवं बसून काढला, तर त्याच मावशी आपल्या दुकानाच्या मालकीण दिसतात. ‘गरिबी’ टिपायला निघालेल्या प्रोजेक्टवाल्यांनी हे आधी शिकावं. आणि वेगळ्या अँगलसाठी लोकलच्या दारात किंवा गडाच्या कड्यावर लटकणाऱ्यांना हे पान कधीच शाबासकी देणार नाही.

या आठवड्यात कँटीनमधला चहाचा एक ग्लास घ्या आणि त्याचे वीस फोटो काढा. फिल्टर नाही, झूम नाही. पहिले सात-आठ तुम्ही आधी कुठेतरी पाहिलेलेच निघतील. मग टेबलाखाली वाकावं लागेल, खिडकीकडे सरकावं लागेल, मित्र हसतील. तरी विसावा होईपर्यंत थांबू नका.