बारा ठोक्यांचा निकष सर्वांना सारखा नाही

हृदयतालाच्या दोषावर अ‍ॅब्लेशन झालेला रुग्ण चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर चालून थांबतो; घड्याळातील नाडी लवकर उतरत नाही आणि उपचार फसल्याची भीती त्याला ग्रासते. व्यायामानंतरच्या पहिल्या मिनिटात नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरणे धोकासूचक, हा निकष १९९९ मधील अमेरिकी अभ्यासातून रूढ झाला. परंतु फुप्फुसशिरांभोवतीच्या अ‍ॅब्लेशनमध्ये हृदयगती मंदावणाऱ्या व्हेगस चेतातंतूंनाही अनेकदा झळ पोहोचते. काही महिने नाडी वेगवान राहू शकते. त्यात चेन्नईचा दमट उकाडा भर घालतो. रुग्णालयांनी हे रुग्णाला घरी पाठवतानाच समजावून सांगावे आणि उपचारापूर्वीची नोंद तुलनेसाठी जपावी. चक्कर, धाप किंवा अनियमित ठोके जाणवल्यास मात्र घड्याळावर विसंबू नये, डॉक्टरांनाच गाठावे.