तोरण आणि तारण

कलावंताला शांतता लागते, हा समज ज्या कुणी प्रथम पसरवला त्याच्याकडे डोंगरावर विकायला प्लॉट असले पाहिजेत. दुसरं कारण मला तरी दिसत नाही. गेली चार वर्षं मी नंदुरबार जिल्ह्यात बँकेच्या खिडकीमागे बसतो आहे आणि एवढ्या काळात तोरणमाळला 'कलावंतांचं माहेरघर' करून टाकण्याच्या तीन योजना माझ्या टेबलावरून गेल्या. पहिलीत पोहण्याचा तलाव होता. (तोरणमाळला चांगला मोठा यशवंत तलाव आहे, पण तो योजनेत नव्हता.) दुसरीत हेलिकॉप्टर उतरायची सोय होती. कुठला कवी हेलिकॉप्टरनं येणार, असं मी विचारलं तर 'गीतकार येतील' असं उत्तर मिळालं. तिसरी योजना शहाद्याकडच्या एका हौशी गृहस्थांची. चोवीस पानी गुळगुळीत पुस्तिका, पानापानावर धुकं, आणि धुक्यात एक शाल पांघरलेला माणूस दरीकडे बघतो आहे. हा माणूस साहित्यिक आहे हे शालीवरून ओळखायचं.

माझं भांडण आहे ते या शालवाल्या माणसाशी.

तोरणमाळशी माझं काही भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणी माझी बदली मागेल. सातपुड्यातलं, अक्राणी तालुक्यातलं, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वरचं हे ठिकाण मला मनापासून आवडतं. म्हसावद मागे टाकलं, राणीपूर मागे टाकलं, सातपायरीच्या घाटात गाडी कुरकुरायला लागली की खाली खानदेशात राहिलेला उन्हाळा आणि थकबाकीदार एकदमच विसरायला होतात. सीताखाईच्या कड्यावर उभं राहिलं की माणूस गप्प होतो. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेत मात्र तो गप्प राहत नाही, कारण शेजारच्या मध्य प्रदेशातून आणि गुजरातेतूनही माणसं लोटलेली असतात. पण गप्प होणं निराळं आणि लिहिणं निराळं. सीताखाईपाशी मी स्वतः दोन तास कोरा कागद घेऊन बसलो होतो. दोन तासांत मी भजी किती खाल्ली याचा हिशेब लिहिला.

आता पुस्तिकेतलं एक वाक्य बघा. म्हणजे त्याचा आशय. की जगातल्या थोर कलावंतांना निसर्गरम्य निवास मिळाला म्हणून थोर कलाकृती झाल्या. आणि खाली उदाहरण म्हणून चक्क न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलचं नाव! मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. साहित्यात माझा अधिकार शून्य. पण ताळेबंदात कुणी येण्याच्या बाजूला देणं लिहिलं तर मला झोप लागत नाही.

चेल्सी हॉटेल हे निसर्गरम्य नव्हे. न्यूयॉर्कच्या तेविसाव्या रस्त्यावरची, 1880 च्या दशकातली ती बारा मजली लाल विटांची इमारत. मुळात सहकारी तत्त्वावर बांधलेली राहती घरं होती, म्हणजे आपल्याकडची गृहनिर्माण सोसायटीच म्हणा. पुढं 1905 साली तिचं हॉटेल झालं. दिवसभर खाली भोंगे वाजत. आणि त्या भोंग्यांत बसून आर्थर क्लार्क या गृहस्थांनी '2001 : अ स्पेस ओडिसी' लिहिली. अंतराळातली शांतता लिहायला त्यांना डोंगर लागला नाही. आर्थर मिलर हे नाटककार तिथं 1960 च्या दशकात काही वर्षं राहिले. डिलन थॉमस हा कवी 1953 मध्ये तिथंच मुक्कामाला असताना आजारी पडला आणि इस्पितळात वारला. पॅटी स्मिथ ही गायिका-कवयित्री खिशात काही नसताना 1969 मध्ये तिथं आली. एवढी माणसं तिथंच का गेली? खिडकीतून काय दिसत होतं म्हणून? छे! तिथं भाडं थकलं तर चालत होतं म्हणून.

त्या हॉटेलचे व्यवस्थापक होते स्टॅन्ली बार्ड. चित्रकाराकडे पैसे नसले की ते चित्र घेत आणि खालच्या दिवाणखान्यात टांगत. वाचकहो, मी बावीस वर्षं बँकेत आहे. तारण म्हणून मी सोनं बघितलंय, एरंडीची पोती बघितलीत, एकदा एका गृहस्थांनी आणलेली बुलेट मोटारसायकल बघितलीय. पण न विकलेलं चित्र तारण म्हणून घेणारा माणूस बघितला नाही. असा माणूस आमच्या शाखेत असता तर दुसऱ्या दिवशी त्याची चौकशी लागली असती. आणि तसंच झालं की! 2007 साली संचालक मंडळानं बार्डना बाजूला केलं, 2011 साली हॉटेल पाहुण्यांना बंद झालं, आणि वर्षानुवर्षांच्या डागडुजीनंतर 2022 मध्ये पुन्हा उघडलं ते श्रीमंतांचं हॉटेल म्हणून. भिंती त्याच आहेत. पण आता भाड्याऐवजी चित्र देऊन बघा.

हे सगळं न्यूयॉर्कचं झालं. पण त्यासाठी सातासमुद्रापार जायला नको. आपल्या मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांच्या नावाची संस्था होती. हॉटेल नव्हतं, पण काम तेच. समुद्राकाठची जुनी वास्तू, आणि कलावंतांना नाममात्र भाड्यानं जागा. 1950 च्या आणि 60 च्या दशकांत एका खोलीत गायतोंडे चित्रं काढत, दुसरीकडे हुसेन, कुठं अल्काझींच्या मंडळींच्या नाटकाच्या तालमी, कुठं रविशंकरांच्या शाळेत सतार. म्हणजे शांततेचा पत्ता नाही! भिंतीपलीकडे सतार आणि जिन्यात इडिपस. त्या गोंगाटात वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा मौनी माणूस आपल्या रंगांपुढं बसला. 2021 साली त्यांच्या एका चित्राला लिलावात सुमारे 40 कोटी रुपये आले. त्या संस्थेनं थकलेलं भाडं राहू दे, पण एक-एक चित्र जरी ठेवून घेतलं असतं, तर काय व्याज झालं असतं! तसं काही झालं नाही. ती जुनी वास्तू पाडली गेली आणि तिथं उंच इमारत उभी राहिली.

मग काळा घोडा. इथं मला जरा रेंगाळू द्या. नोकरीतली सुरवातीची काही वर्षं मी फोर्टमध्ये काढली आहेत आणि माणसाला आपल्या उमेदवारीच्या काळातले चहा विसरत नाहीत.

काळ्या घोड्यापाशी दोन वास्तू. एक एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन नावाच्या कापडवाल्यानं बांधलेलं. बांधलेलं तरी कसं म्हणायचं? सांगाडा ओतीव लोखंडाचा, तो इंग्लंडात तयार करून बोटीनं आणला आणि इथं जोडला. 1871 साली ते सुरू झालं. गोऱ्या साहेबांसाठी. 1896 च्या जानेवारीत मार्क ट्वेन तिथं उतरले आणि त्यांनी सज्जातल्या कावळ्यांवर लिहून ठेवलं. त्याच वर्षी 7 जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच इमारतीत. तिकीट एक रुपया. पुढं ताज आलं, वॉटसनचं तेज गेलं, आणि शेवटी त्या खोल्यांच्या खुराड्या होऊन त्यांत वकील, टंकलेखक आणि झेरॉक्सवाले बसले. एका प्रतिज्ञापत्रासाठी मीही ते लाकडी जिने चढलो आहे. जिथं पहिला सिनेमा दाखवला गेला तिथं मी 'वरील मजकूर खरा आहे' असं लिहून दिलं. 2005 साली तिच्या सज्जाचा भाग कोसळून एक माणूस गेला. धोक्यातल्या जागतिक वास्तूंच्या यादीतही नाव लागलं, अहवाल आले, पाडा म्हणणारे आणि राखा म्हणणारे कोर्टात उभे राहिले, आणि 2019 मध्ये भाडेकरूंना बाहेर काढून ती रिकामी केली.

म्हणजे मोडकं असणं हा काही गुण नव्हे, हे मलाही कळतं. पडक्या जिन्यावर प्रेम करणारे लोक बहुधा तळमजल्यावर राहत असतात. माझं म्हणणं एवढंच, की वॉटसनवर लेख लिहिणाऱ्या मंडळींनी लोखंड मोजलं, टाटांना प्रवेश नाकारल्याची ती खरीखोटी गोष्ट शंभर वेळा सांगितली, पण चार पावलांवरच्या दुसऱ्या जागेचा लोखंडाशी काही संबंध नव्हता म्हणून तिच्याकडे कुणी टेप घेऊन गेलं नाही.

ती जागा म्हणजे वेसाइड इन. तिथं खिडकीजवळच्या टेबलाशी अरुण कोलटकर वर्षानुवर्षं येऊन बसले. खिडकीतून काय दिसायचं? धुकं नाही. दरी नाही. गाड्या लावायची जागा, भटकी कुत्री, फुटपाथवर संसार मांडलेली माणसं, इडली विकणारी बाई. त्यातून 'काळा घोडा पोएम्स' झाल्या, 2004 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. वेसाइड इन बंद झाल्यावर ते कॅफे मिलिटरीत बसू लागले. बघा, कवी टेबल बदलतो, डोंगर गाठत नाही. आणि रस्त्यापलीकडे जहांगीर आर्ट गॅलरीत सामोवार होतं, आगगाडीच्या डब्यासारखं अरुंद आणि लांब. उषा खन्ना यांनी ते 1964 मध्ये सुरू केलं आणि मार्च 2015 मध्ये ते बंद झालं. आम्ही कारकून मंडळी तिथं महिन्याच्या एक तारखेला जात असू. शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला चित्रकार एका चहावर अडीच तास बसलेला मी पाहिला आहे. वेटर त्याच्या अंगावरून सात वेळा गेला, पण 'आणखी काही?' असं त्यानं एकदाही विचारलं नाही. माझ्या मते मराठी कलाविश्वाच्या इतिहासात या न विचारलेल्या प्रश्नाला एक प्रकरण द्यायला हवं.

चहाचा नफा आणि खुर्चीचे तास यांचा भागाकार केला तर हा धंदा कुठल्याही बँकेनं नामंजूर करावा असा आहे. मीच केला असता. तरी असे मालक होते, आणि त्यांच्या जिवावर आपण चित्रं बघतो, कविता वाचतो. सत्कार मात्र कवीचा होतो. शाल कवीला. ज्यानं टेबल दिलं त्याला कुणी साधा नारळसुद्धा देत नाही.

तर पुन्हा त्या पुस्तिकेकडे. तिच्यात एका रात्रीचं भाडं 4,500 रुपये. कलावंतांना दहा टक्के सूट. सुटीसाठी 'कलावंत असल्याचा दाखला' जोडायचा. तो कुणी द्यायचा हे लिहिलेलं नाही. बहुधा तलाठ्यानं द्यायचा, सातबाऱ्याबरोबर. म्हणजे राहिले 4,050 रुपये. एवढे पैसे रोज देऊ शकणारा कवी मी अजून पाहिला नाही, आणि पाहिला तर त्याला मुदत ठेवीत पैसे ठेवायला सांगेन.

हेही एक वेळ चाललं असतं. पण पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नकाशा आहे. नकाशे मी बारकाईनं बघतो. ती सवय गहाणखतांनी लावली आहे. तलावाच्या काठाला जिथं निळा चौकोन काढून 'प्रेक्षणबिंदू व वाहनतळ' असं लिहिलंय, तिथं आज एक टपरी आहे. ताडपत्रीचं छप्पर, दोन बाकं, एक चूल. तिथं सकाळपासून माणसं बसलेली असतात: आसपासच्या पाड्यांवरची भिल्ल-पावरा म्हातारी मंडळी, मोटारीची वाट बघणाऱ्या बाया, शाळा चुकवलेली पोरं. होळी जवळ आली की तिथल्या गप्पा ढोलांवर आणि मोरपिसांच्या टोपांवर येतात, काठीच्या होळीला कोण कोण उतरणार यावर वाद होतात, आणि बोलता बोलता एखादा म्हातारा बाकावर बोटांनी ठेका धरतो. ठेका चुकला की दुसरा त्याच्या हातावर चापट मारून बरोबर करून दाखवतो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पुस्तिकेत ज्याला 'स्थानिक लोककलेचं दालन' म्हटलंय आणि ज्याच्यासाठी वातानुकूलित सभागृह काढलंय, ते दालन रोज सकाळी त्या बाकावर भरतं. फुकट.

मी टपरीवाल्याला विचारलं, "हे लोक दिवसभर बसतात, चहा एकच घेतात. परवडतं कसं?"

तो म्हणाला, "बसू द्या ना साहेब. बाक काय झिजतो का?"

तोरणमाळचा स्टॅन्ली बार्ड मला सापडला तो असा. त्याची खातेउतारी आमच्याकडे आहे. शिल्लक सांगत नाही, गोपनीयतेचा नियम आहे, पण बघून डोळे भरून येतात.

मी त्या हौशी गृहस्थांना गाठलं. म्हटलं, "आप्पासाहेब, एक करा. चोवीस झोपड्यांऐवजी तेवीस बांधा. चोविसावीचे पैसे त्या टपरीवर खर्च करा. पक्कं छप्पर घाला, आणखी दोन बाकं टाका, आणि वाहनतळ पन्नास पावलं पलीकडे न्या. त्या चहावाल्याला तिथून हलवू नका. कलावंत आले तर तिथंच येऊन बसतील, आणि न आले तरी जे आहेत ते बसलेलेच आहेत."

आप्पासाहेब भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डायरीत टिपून घेतलं, मला पेढा दिला. "तुमच्यासारख्या जाणकाराची सूचना हवीच होती," म्हणाले. "नक्की विचार करतो."

परवा पुस्तिकेची सुधारून वाढवलेली आवृत्ती टेबलावर आली. मी आधी शेवटचं पान उघडलं. निळा चौकोन होता तिथंच आहे. मग दरपत्रक पाहिलं. कलावंतांना सूट आता पंधरा टक्के आहे.