‘वाया गेलाय’ म्हणण्याआधी जरा थांबा!

दारू पिऊन कुणाहीबरोबर जाणं, कंडोमचा विषय निघाला की गप्प बसणं, त्रास होत असूनही डॉक्टरकडे न जाणं... असं कुणाबद्दल कळलं की कट्ट्यावर आपला निकाल तयार असतो. मुलगा असेल तर ‘वाया गेलाय’, मुलगी असेल तर ‘ती तसलीच’. मला वाटतं, हा निकाल चुकीचाच नाही, घातकही आहे.

केंद्र सरकारच्या २००७च्या अहवालासाठी महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोललं गेलं. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला. त्या पिढीतली मुलं आता मोठी झालीत. आणि तुमच्या बाकावरही असं काही सोसलेलं कुणीतरी असू शकतं.

अमेरिकेत डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांचा अभ्यास १९९८मध्ये आला. लैंगिक छळ, मारहाण, घरातलं व्यसन असे चार किंवा जास्त प्रकारचे आघात लहानपणी सोसलेल्यांमध्ये गुप्तरोगांचा धोका दुपटीहून जास्त दिसला.

असं का होतं? ‘नको’ म्हणून काही उपयोग नाही, हे ज्या पोराला लहानपणीच कळलं, त्याला पुढे जोडीदारासमोर ‘नको’ म्हणणं जडच जाणार. कुणी आठवणी बुडवायला नशा करतं, कुणी अंगाला हात लागेल म्हणून तपासणीच टाळतं. तेव्हा तगून राहायला सापडलेली वाट आता धोक्याची ठरते.

त्यात आपलं शेलार काय किंवा भिवंडी काय, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे कंडोम मागायची चोरी! वर आपले टोमणे. मग तो किंवा ती मदत मागणार कुणाकडे?

म्हणून कुणी मन मोकळं केलं तर ऐकून घ्या. खोदून विचारू नका, गावभर करू नका. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत होतं, नाव गुप्त राहतं. त्याची माहिती १०९७वर मिळते. मनावरचं ओझं बोलायला टेलिमानस १४४१६ आहे. अठराच्या आतल्यांसाठी १०९८.

आणि हे तुमच्याबद्दलच असेल, तर एवढं ऐका: जे झालं त्यात तुमची चूक नव्हती. धोका वाढतो म्हणजे नशीब ठरलं, असं नाही. विश्वासाचं एक माणूस आणि एक फोन, सुरुवात एवढ्यावरही होते.