मागच्या रांगेत कोण बसणार?

नागपुरात सध्या बंगला बांधणाऱ्यांना किंवा मोठा फ्लॅट घेणाऱ्यांना एक नवीन खोली हवी असते. देवघर झालं, मुलांची अभ्यासाची खोली झाली, आता होम थिएटर! हौसेला मोल नसतं आणि हौस करूच नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. घरातल्या सगळ्यांनी एका खोलीत बसून एकच सिनेमा पाहणं हल्ली दुर्मीळच झालं आहे. प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाईल! तेव्हा खोली जरूर करा. माझं म्हणणं आहे ते त्या खोलीतल्या मागच्या ओट्याबद्दल.

टॉकीजसारख्या दोन रांगा हव्यात, म्हणून मागचा सोफा लाकडी ओट्यावर चढवतात. पडदा केवढा, स्पीकर कुठे, यावर घरातले पुरुष आणि इंटिरियरवाला तासन् तास बोलतात. त्या ओट्यावर बसणार कोण, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. मैत्रिणींनो, उत्तर आपल्याला ठाऊक आहे. समोरच्या गुबगुबीत खुर्च्या घरच्या कर्त्यांच्या आणि पाहुण्यांच्या. मागे आपण, कारण मधूनच उठून कुकर बंद करायचा असतो, दार उघडायचं असतं. आणि आपल्या शेजारी सासूबाई.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातल्या एका आजींकडे असाच ओटा झाला. सव्वा फूट उंच, पायरी एकही नाही. वर छान गालिचा, खालीही त्याच रंगाचा, म्हणजे अंधारात कड दिसायचं नाव नाही. आजींचे गुडघे कुरकुरणारे. पहिले दोन दिवस नातवाने हात धरून चढवलं. पुढे त्यांनी त्या खोलीत जाणंच सोडलं. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘काय करू माय, मले चढता येत नाही अन् उतरता तर त्याहून येत नाही. पोरायले किती वेळा उठवू?’’ घरात भांडण नाही, कुणी वाईट बोललं नाही. सगळं घर एका खोलीत हसतंय आणि आजी बाहेर हॉलमध्ये एकट्या माळ ओढत बसल्यात. मला तर हे पडण्याइतकंच वाईट वाटलं. पडलं की निदान सगळे धावत तरी येतात!

आता हा ओटा खरंच लागतो का, याचा हिशेब करून पाहू. समजा, पडद्याची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर आहे, पुढची रांग पडद्यापासून आठ फुटांवर आणि मागची चौदा फुटांवर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण साडेतीन फुटांवर येतात आणि डोकं चार फुटांवर. पुढच्याच्या डोक्यावरून पडद्याची खालची कड दिसायची, तर मागच्याचे डोळे पावणेपाच फुटांवर हवेत. म्हणजे सव्वा फुटाचा ओटा आलाच. पण पुढच्या रांगेत सोफ्याऐवजी जमिनीवर गादी घातली, लोड-तक्के ठेवले, तर? गादीवर बसलेल्याचं डोकं तीन-सव्वातीन फुटांच्या वर सहसा जात नाही. मग मागचा साधा सोफा आहे तिथे, आहे त्या उंचीवर चालतो. ओटा नको, सुतार नको! पोरंसोरं आणि तरणी मंडळी पुढे लोळतील, गुडघेदुखीवाले मागे आरामात टेकतील. गादीवरून मान किंचित वर करावी लागते, पण लोडाला टेकलं की तेही जाणवत नाही.

ही काही मी शोधून काढलेली युक्ती नाही. माझं माहेर भंडाऱ्याकडचं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि रात्र-रात्र नाटकं चालतात. पुढे जमिनीवर बसलेली माणसं आणि मागे खुर्च्या, असंच आम्ही पाहत आलो. 1987 साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा ज्या घरी टीव्ही होता तिथे सगळी गल्ली अशीच मावायची. फरक इतकाच की, बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असायच्या. गादी घातली म्हणून तेवढं बदलेल, अशी माझी भाबडी समजूत नाही. चहा कोण करणार, हे वेगळं ठरवावंच लागतं.

तरीही कुणाला ओटाच हवा असेल, तर काही गोष्टी आधी पाहून घ्या. घरातल्या जिन्याची पायरी 19 सेंटिमीटरहून, म्हणजे साडेसात इंचांहून उंच नसावी, असं आपली राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. सव्वा फुटाच्या ओट्याला त्यामुळे मध्ये एक पायरी हवीच, पाऊल पूर्ण मावेल अशी, किमान दहा इंच रुंद. कडेला वेगळ्या रंगाची पट्टी आणि हात धरायला भिंतीवर दांडा लावा. दांडा लावला की खोली दवाखान्यासारखी दिसते, असं इंटिरियरवाला म्हणेल. म्हणू द्या. 

ओटा विटा-मुरूम भरून तर मुळीच करू नका. दहा फूट बाय पाच फुटांचा, फूटभर उंचीचा भरीव ओटा दोन-अडीच टनांच्या घरात जातो आणि घरातला स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलोच्या हिशेबाने धरलेला असतो. तेवढ्या जागेचे होतात साडेनऊशे किलोसुद्धा नाहीत! लाकडी सांगाडा हलका पडतो, पण पोकळ राहिला तर ढोलासारखा घुमतो. आत ग्लासवूल भरून घ्यावं लागतं. राहिलेल्या पोकळीत पावसाळ्यात वाळवी लागली तर दिसत नाही, म्हणून एक फळी उघडती ठेवा. (रजया ठेवायलाही जागा होते, हा आपला बायकी फायदा.)

आणि पंखा! आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की एसी असूनही पंखा लागतोच. खोली दहा फूट उंच, पंखा फूटभर खाली, त्यातून सव्वा फूट ओट्याचा आणि दीड फूट सोफ्याचा वजा करा. उरतात सहा-सव्वासहा फूट. क्रिकेटच्या मॅचमध्ये षटकार बसला की दहा वर्षांचा पोरगा सोफ्यावर उभा राहून हात वर करतोच. ओट्यावरचा पंखा काढून भिंतीवर लावा, दुसरा इलाज नाही.

सुताराला बोलवायच्या आधी एक रविवार मोकळा ठेवा. पडद्याची खालची कड जिथे येणार, तिथे भिंतीवर खिळा ठोकून सुतळी बांधा. पुढच्या रांगेत घरातला सगळ्यात उंच माणूस बसवा, सुतळी त्याच्या डोक्यावरून ताणत मागे न्या. मागच्या खुर्चीवर घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला बसवा. बहुतेक घरांत ती आजीच निघेल. सुतळी तिच्या डोळ्यांच्या खालून जाते की वरून, ते तिलाच विचारा.