सगळ्यांनी एकदम बसायचं जेवण

पास्ता म्हटलं की आमच्या गोतावळ्यात लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "मैद्याचं ते परदेशी खाणं, ते काय जेवण आहे?" दुसरा तट (वय वर्षं पाच ते पंचवीस!) म्हणतो, "आजी, चीज जास्त घाल." मला दोन्ही बाजू पटत नाहीत. म्हणून म्हटलं, आपलं मत एकदा नीट लिहूनच काढावं.

तर मुद्दा असा. इटलीतल्या घरगुती स्वयंपाकातून आपण उचललं ते चीज. उचलायला हवी होती ती तिथली जेवायला बसायची रीत.

आधी आपल्याकडचं बघू. पोळीचा स्वभावच असा की ती तव्यावरून थेट पानात पडली तर खरी. मग कोणीतरी तव्यापाशी उभं राहणार, आणि ते 'कोणीतरी' कोण हे काही सांगायला नको. माझ्या आईला मी सणावाराच्या दिवशीसुद्धा सगळ्यांच्या पंगतीत जेवताना पाहिलं नाही. तिचं पान शेवटी, उरलेल्या भाजीचं, दुपारी दोन-अडीचला. मी स्वतः चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. दिवसभर पन्नास-पन्नास मुलांपुढे उभी राहिले आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तव्यापुढे उभी राहिले. आता सून नोकरी करते, ओट्यावर गॅस आहे, मिक्सर आहे, सगळं आहे. पण "तुम्ही बसा, मी गरम आणते" हे वाक्य मात्र तसंच्या तसं तिच्यापर्यंत येऊन पोचलं आहे. दागिने वाटून संपले, हे वाक्य काही संपत नाही!

आता पास्त्याची गंमत बघा. तो कोणासाठी थांबत नाही. पाण्यातून काढला, रस्स्यात घोळला, की दोन-तीन मिनिटांत पानात जायला हवा, नाहीतर चिकटून गोळा होतो. म्हणून इटलीतल्या घरांत पास्ता निथळायला घेतला की हाक जाते, "आ ताव्होला!" म्हणजे 'चला, टेबलावर या', आपल्या भाषेत 'पानं घेतली'. त्यानंतर तव्यावर काही उरलेलं नसतं. एकच भांडं, ते मध्ये ठेवायचं, आणि रांधणाऱ्यानेही बसायचं. पदार्थाच्या स्वभावामुळेच सगळं घर एकदम जेवतं.

यावरून इटलीतल्या बायका फार सुखात होत्या असं कोणी समजू नये. बोलोन्याच्या बाजूला अंडी घालून मळलेल्या पिठाची भली मोठी पातळ पोळी हाताने लाटायची, रविवारचा मांसाचा रस्सा तासन् तास मंद आचेवर ठेवायचा, हे सगळं बायकांनीच केलं. कष्ट तिथेही होतेच. पण रोजचा सुका पास्ता ही त्यातली सुटकेची वाट होती, आणि ती आपल्यालाही सहज घेता येण्यासारखी आहे.

2025 च्या डिसेंबरात दिल्लीत युनेस्कोची बैठक झाली. त्यात आपली दिवाळी मानवी वारशाच्या यादीत गेली, हे सर्वांनी वाचलं असेल. त्याच बैठकीत इटलीचा स्वयंपाकही त्या यादीत गेला. त्यातही भर एखाद्या पिझ्झ्यावर नव्हता, तर घरात मिळून रांधणं आणि एकत्र बसून जेवणं, यावर होता. मला ते वाचून बरं वाटलं.

आता मैद्याचं. इटलीत सुका पास्ता कडक गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे, असा 1967 पासून कायदाच आहे. हा गहू आपल्याला परका नाही. आपण ज्याला बन्सी म्हणतो तो याच जातीचा. आपल्याकडेही दुकानात पाकिटावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचून रव्याचा पास्ता मिळतो. चष्मा लावून वाचावं लागतं एवढंच.

आणि परकं तरी काय म्हणायचं? हरभरे घालून केलेला पातळसर पास्ता, मसूर घालून केलेला पास्ता, हे तिथल्या गरिबाघरचं रोजचं जेवण. आपली वरणफळं काय वेगळी आहेत? डाळीत कणकेचे तुकडे शिजवायचे, वर तूप घालायचं, झालं जेवण. शेवया, सरगुंडे, बोट्या, गव्हले हे सगळे पास्त्याचे चुलत-मावस भाऊच. टोमॅटो तर त्यांचाही नव्हे आणि आपलाही नव्हे. तो अमेरिका खंडातून आला, जशी आपली मिरची आली. आज त्यांना टोमॅटोवाचून आणि आपल्याला मिरचीवाचून चैन पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे लग्नाच्या जेवणात 'व्हाइट सॉस' नावाची जी मैद्याची खळ मिळते, ती तिथल्या रोजच्या पास्त्यात नसते. दुधा-मैद्याचा सॉस त्यांच्याकडे आहे, पण तो लाझान्यासारख्या भाजून करायच्या पदार्थांत. रोजच्या पास्त्याला पुरतात टोमॅटो, लसूण, तेल आणि मीठ.

आमच्या घरी होतो तो असा. चौघांना 350 ग्रॅम पास्ता. पाऊण किलो लालबुंद टोमॅटो गरम पाण्यात घालून सोलून कुस्करायचे. मोठ्या कढईत तीन-चार मोठे चमचे तेल, त्यात चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून. लसूण तांबडी होऊ द्यायची नाही. मग टोमॅटो आणि मीठ घालून वीसेक मिनिटं मंद आच. साखर नको, गरम मसाला तर मुळीच नको. दुसरीकडे साडेतीन लिटर पाणी खळखळून उकळायचं, त्यात दोन सपाट मोठे चमचे मीठ (रक्तदाबवाल्यांनी कमी घालावं). पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी पास्ता काढायचा. दाताला जरा लागला पाहिजे. त्या पिठाळ पाण्याचे एक-दोन डाव बाजूला ठेवायचे आणि रस्स्यात पास्ता घोळताना ते घालायचे. त्यानेच रस्सा अंगाला धरतो, चीज लागत नाही. वरून सब्ज्याची चार पानं. सब्ज्याचं झाड हे त्यांच्या बेझिलच्याच जातीचं आहे. ऑलिव्हचं तेल घरात असलं तर उत्तमच. नसलं तर घाण्याचं शेंगदाणा तेल. चव वेगळी येते, वाईट येत नाही.

चीजऐवजी काय, तर दक्षिण इटलीतल्या गरिबांनी काढलेली युक्ती. शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत परतून वरून भुरभुरायचा. फोडणीची पोळी करणाऱ्या आपल्या लोकांना ही अक्कल काही शिकवायला नको!

या स्वयंपाकाचा दुसरा गुण मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गोल पोळी यायला वर्षं लागतात. "मला पोळ्या येत नाहीत" असं म्हणून कितीतरी पुरुष जन्मभर सुटले. पास्त्यात ही पळवाट नाही. पाणी उकळता येतं आणि घड्याळ कळतं, एवढ्या भांडवलावर चौदा वर्षांचा मुलगा अख्ख्या घराचं जेवण करू शकतो. आमच्या घरी दर बुधवारी रात्री नातू करतो, त्याचे बाबा टोमॅटो सोलतात, आणि सून त्या वेळी चक्क वर्तमानपत्र वाचत बसते. नुसती मदत करणं वेगळं आणि जेवणाची जबाबदारी घेणं वेगळं. वाण्याकडून काय आणायचं इथपासून भांडी घासायला टाकण्यापर्यंत बुधवार त्याचा आहे.

इटलीत पेल्लेग्रिनो आर्तुसी म्हणून एक गृहस्थ होऊन गेले. धंद्यातून निवृत्त होऊन, सत्तरी गाठल्यावर, 1891 साली त्यांनी घरगुती स्वयंपाकाचं पुस्तक पदरच्या पैशाने छापलं, कारण प्रकाशक मिळेना. पुढे वाचक पत्रं पाठवत गेले आणि ते आवृत्तीगणिक पाककृती वाढवत गेले. 475 च्या 790 झाल्या. (सत्तरीनंतर लिहायला बसणाऱ्या आम्हा मंडळींना केवढा दिलासा!) पण मला भावली ती दुसरीच गोष्ट. त्यांच्या घरी प्रत्यक्ष रांधणारी दोन माणसं होती, मारिएत्ता आणि फ्रांचेस्को. जाताना पुस्तकाचे हक्क आर्तुसींनी त्या दोघांच्या नावे केले. हे जेवण कोणाच्या हातचं आहे, याचा त्यांना विसर पडला नाही.

आता आक्षेप. आमचे 'हे' म्हणतात, "भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही." त्यांच्यासाठी सकाळचा भात असतो, तो त्यांनी स्वतः गरम करून घ्यावा. धाकट्या जाऊबाई म्हणतात, "अशाने आपलं वरण-भात-भाजी-पोळी बुडेल." आठवड्यात एकवीस जेवणं, नाश्ते धरून. त्यातलं एक पास्त्याचं झालं तर संस्कृती बुडत नाही. पास्ताच हवा असाही माझा आग्रह नाही. वरणफळं करा, मसालेभात करा, पिठलं-भात करा. अट एकच. गॅस बंद झाल्यावरच पानं घ्यायची, आणि घरातल्या माणसांइतकीच घ्यायची.

माझी आई पोळ्या अतिशय सुंदर करायची. सगळं घर अजून त्यांची आठवण काढतं. पण ती जेवताना कशी दिसायची, हे आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही. तुमच्या घरी कोणाबद्दल असं होत असेल तर या आठवड्यात एक दिवस ठरवाच.