मूल म्हणजे मुद्देमाल नव्हे

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी आजोळच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. त्याच सुमारास कौटुंबिक न्यायालयांत मात्र निराळेच अर्ज येऊ लागतात. सुट्टीचा पहिला पंधरवडा मुलाने कोणाकडे राहावे, दुसरा कोणाकडे, पोचवावयास कोणी यावे आणि आणावयास कोणी जावे, याचा निवाडा तेथे मागितला जातो. ज्या दोघांनी एकेकाळी मिळून त्या मुलाचे नाव ठेवले, त्यांना त्याच्या सुट्टीचे दिवस आपसांत वाटून घेता येऊ नयेत, ही गोष्ट दुःखद खरी. परंतु नुसते हळहळून भागणार नाही. संसार मोडतात, आणि यापुढेही मोडतील. तो मोडल्यावर मुलाचे भवितव्य कोणाच्या सांगण्यावरून व कोणत्या रीतीने ठरते, हा समाजाने विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

या दाव्यांना आपण ‘ताब्याचे दावे’ म्हणतो. ताबा घराचा असतो, जमिनीचा असतो. तोच शब्द मुलाला लावताना आपल्याला काही खटकत नाही. कायदा मात्र आपल्या भाषेपेक्षा पुष्कळ पुढे गेला आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे त्याचे सहावे कलम म्हणते. पण अज्ञानाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार होय, असे तेराव्या कलमात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच बजावले. १९९९ मध्ये त्याच न्यायालयाने आईच्या पालकत्वाचा मार्ग अधिक मोकळा केला, आणि २०१५ मध्ये विधी आयोगाने २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. तत्त्वांची वाण आपल्याकडे नाही. वाण आहे ती एखाद्या विशिष्ट मुलाचे कल्याण नेमके कशात आहे, हे शांतपणे पाहून सांगणाऱ्या माणसांची.

न्यायाधीशाला मूल दिसते ते फार तर अर्धा तास, आपल्या दालनात, बावरलेले. त्याचे घर, त्याची शाळा, त्याची झोप-जेवणाची घडी त्याला दिसत नाही. म्हणूनच १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समुपदेशकांची तरतूद केली आणि वैद्यकीय वा कल्याणकार्यातील तज्ज्ञाचे साहाय्य घेण्याची मुभा बाराव्या कलमाने न्यायालयास दिली. पुणे व मुंबई येथील कौटुंबिक न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली, ती याच विश्वासाने की, येथे काळ्या कोटापेक्षा समंजसपणाला अधिक वाव असेल. वकील देणे हा येथे पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाच्या अनुमतीने तो येतो, यातील हेतूही तोच.

प्रत्यक्षात काय घडते? आई एका मानसोपचारतज्ज्ञाचे प्रमाणपत्र आणते, बाप दुसऱ्याचे. पहिल्याने बापाचे तोंड पाहिलेले नसते, दुसऱ्याने आईशी शब्द बोललेला नसतो; तरीही दोघे निःशंकपणे अभिप्राय देतात. ज्याने एकच बाजू ऐकली त्याला फार तर साक्षीदार म्हणावे. परीक्षक म्हणता येणार नाही. आमच्या मते अशा कामी तज्ज्ञ एकच असावा, तो न्यायालयाने नेमलेला वा उभयपक्षी संमत असावा, आणि त्याने पूर्वी दोहोंपैकी कोणावरही उपचार केलेले नसावेत. त्याला बालमनाचा खरा अनुभव आहे काय, तो मुलाला आईसमवेत आणि बापासमवेतही पाहणार आहे काय, शाळेत विचारणा करणार आहे काय, आणि डोळ्यांनी पाहिलेले व तर्काने ताडलेले यांत अहवालात भेद करणार आहे काय, हे पालकांनी आधीच विचारून घ्यावे. जो पहिल्याच भेटीत निकालाची हमी देतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

दाव्याची तयारी या शब्दाचाही असाच विपर्यास झाला आहे. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. पढविलेले मूल शिक्षकाला तत्काळ ओळखू येते. उत्तर बिनचूक असते, पण त्यातले शब्द त्याच्या वयाचे नसतात. समजत्या वयाच्या मुलाची पसंती विचारात घेता येते, असे १८९० चा पालक व पाल्य कायदा म्हणतो. ती घोकून घ्यावी असे कोठेही म्हणत नाही. मुलाचे बोलणे भ्रमणध्वनीवर टिपून ठेवणे, त्याच्या दप्तरात चिठ्ठ्या शोधणे, भेटीच्या दिवशीच नेमका ताप येणे, ही तयारी नव्हे. हा मुलावरचा अत्याचार आहे. खरी तयारी साधी असते. प्रगतिपुस्तके, लसीकरणाची व औषधोपचाराची कागदपत्रे, मुलाचा दिनक्रम, आपल्या कामाच्या वेळा, आपण घरी नसताना त्याच्याजवळ कोण असेल याचे प्रामाणिक उत्तर, आणि दुसऱ्या पालकाच्या भेटीगाठी कशा चालू राहतील याची योजना. न्यायालयाने ठरविलेली भेट जो वेळेवर घडवून आणतो, त्याची बाजू त्याच्या वकिलापेक्षा त्याचे वर्तनच अधिक चांगली मांडते. आईबापांच्या भांडणात मुलाने दोघांपैकी एकाच्याही प्रेमाला मुकू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले, आणि दूर असणाऱ्या पालकाशी दृक्‌श्राव्य संपर्काचाही मार्ग दाखविला.

शासनाचे कर्तव्य याहून मोठे आहे. समुपदेशकांची पदे रिकामी ठेवून कौटुंबिक न्यायालये चालविणे म्हणजे दाईवाचून सूतिकागृह चालविण्यासारखे आहे. ही पदे वेळेवर भरावीत. बालमानसशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांची सूची प्रत्येक जिल्ह्यात असावी. त्यांचे मानधन ज्याला झेपत नाही त्याचा भार सरकारने उचलावा. आणि अहवाल ठराविक मुदतीत यावा. मोठ्यांच्या दाव्यात दोन वर्षे म्हणजे काही तारखा. पाच वर्षांच्या मुलाला ती जवळजवळ अर्ध्या आयुष्याएवढी असतात. निकाल लागेपर्यंत ते ज्याच्याकडे राहिले त्याचेच होऊन जाते, आणि मग न्यायालयाच्या हाती फक्त घडून गेलेल्या गोष्टीवर शिक्का मारणे उरते.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, आज जे मूल तुमच्या दोघांच्या मधे बाकावर मुकाट्याने बसले आहे, ते उद्या मोठे होणार आहे. त्या दिवसांत आपल्या आईबापांनी काय केले, हे ते एक दिवस विचारील. त्या वेळी न्यायालयाचा हुकूमनामा पुढे करून भागणार नाही. त्याला समाधान वाटेल असे उत्तर आजच्या वागण्यातूनच तयार होत असते.