अपेक्षा आणि ‘अपेक्षित’

आपल्याकडे ‘अपेक्षित’ हा शब्द शाळकरी पोरांच्या तोंडी विशेषण म्हणून नव्हे, तर नाम म्हणून वावरतो. “अपेक्षित घेतलंस का?” असे एक मुलगा दुसऱ्याला विचारतो, तेव्हा त्याला परीक्षेत येऊ घातलेल्या प्रश्नांची आयती उत्तरे पुरविणारे पुस्तक अभिप्रेत असते. पस्तीस वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा या ग्रंथाच्या तावडीतून सुटलो असे मला वाटले होते. पुढे लेकीकडे इंग्लंडात गेलो आणि पाहतो तो काय, शेक्सपिअरच्या मायदेशीही ‘अपेक्षित’ माझ्या आधी जाऊन बसलेले!

माझी नात सोळाव्या वर्षात आहे. या वयाच्या मुलांना तेथे जी.सी.एस.ई. नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यातील इंग्रजी वाङ्मयाचा सध्याचा अभ्यासक्रम २०१५ साली शिकविण्यास आरंभ झाला आणि त्याची पहिली परीक्षा २०१७ साली झाली. शेक्सपिअरचे एक नाटक, एकोणिसाव्या शतकातील एक कादंबरी, १७८९ पासूनच्या निवडक कविता आणि १९१४ नंतरचे ब्रिटिश बेटांतील एखादे नाटक किंवा कथात्म पुस्तक, एवढा त्याचा पसारा. यादी उत्तम आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु परीक्षेच्या दालनात पुस्तक न्यायचे नाही, वर्षभराच्या कामाला गुण नाहीत आणि सारी मदार अखेरच्या प्रश्नपत्रिकांवर! येथूनच भीतीचा बाजार भरतो.

नातीच्या खोलीच्या भिंती रंगीत चिठ्ठ्यांनी भरून गेल्या होत्या. ‘मॅकबेथ’मधील महत्त्वाकांक्षा गुलाबी, अपराधाची टोचणी पिवळी, राजसत्ता हिरवी. प्रत्येक चिठ्ठीवर चार-पाच शब्दांचा एक तुकडा. मी सहज विचारले, “लेडी मॅकबेथ तुला कशी वाटते गं?”

ती चिठ्ठीवरून नजर न काढता म्हणाली, “आजोबा, वाटण्याला मार्क नसतात.”

तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबा, तिला आत्ता विचारात नका पाडू. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे.”

वाचकहो, मुलांना विचारात पाडू नका, असे साहित्याच्या परीक्षेसाठी सांगावे लागते, याहून त्या शिक्षणावर अधिक कठोर टीका कोणती असू शकेल?

आणि गंमत अशी की, नातीचे म्हणणे खरेही नव्हते. त्या परीक्षेचे गुण कशाला द्यावयाचे, याची उद्दिष्टे छापून प्रसिद्ध झालेली आहेत. मी ती मुद्दाम वाचली. पहिल्याच उद्दिष्टात विद्यार्थ्याकडून जाणतेपणाने दिलेला, स्वतःचा प्रतिसाद मागितला आहे! त्याच्या पुष्ट्यर्थ मूळ कृतीतील संदर्भ द्यावेत आणि त्यांत अवतरणेही असावीत, इतकेच म्हटले आहे. म्हणजे अवतरण हा साक्षीदार आहे, फिर्यादी नव्हे. मग वाटण्याला मार्क नसतात, हे पोरीला सांगितले कोणी? मार्गदर्शिका विकणाऱ्याने, शिकवणीवाल्याने, आणि नऊ पैकी नववी श्रेणी हवी म्हणून रात्रंदिवस घोर लावून घेतलेल्या आपणा आईबापांनी!

यावर दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की, लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या. त्यांत कोणाचे ‘वाटणे’ कसे मोजणार? अवतरणे मोजता तरी येतात. खरे आहे. पण जे मोजता येते तेच मोलाचे मानायचे, तर वाण्याचा तराजू हाच उत्तम परीक्षक ठरेल. दुसरा आक्षेप असा की, पुस्तकच हाती नसेल तर पाठ केल्यावाचून गत्यंतर काय? मी पाठांतराचा वैरी नाही. आमच्या आजीला मनाचे श्लोक सबंध येत असत आणि प्रसंग पडला की नेमका श्लोक तिच्या ओठी येई. परंतु ती सबंध श्लोक म्हणे. त्याचे रंगीत तुकडे नव्हे. डब्याच्या तळाशी उरलेला चुरा म्हणजे चकली नव्हे, हे या दिवसांत तरी कोणास सांगावे लागू नये. पूर्वी त्याच परीक्षेच्या काही प्रश्नपत्रिकांना पुस्तक सोबत नेण्याची मुभा असे. ती पुन्हा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हाती पुस्तक असले की आठवणीची नव्हे, वाचनाची परीक्षा होते.

मग विद्यार्थ्याकडून मी काय अपेक्षितो? मार्गदर्शिका उघडण्यापूर्वी मूळ पुस्तक एकदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे. नाटक असेल तर ते मोठ्याने वाचावे. मत बनवावे आणि ते कोणत्या ओळीवरून बनले, तेथे बोट ठेवता यावे. पुस्तक आवडले नाही तर तसेही सांगावे, मात्र कारणासह.

हा केवळ उपदेश नव्हे. एका रविवारी संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती ‘मॅकबेथ’ वाचले. जावई मॅकबेथ, नात लेडी मॅकबेथ, आणि मी बाकीचे सारे. झोपेत चालण्याच्या प्रवेशापाशी नात थांबली. म्हणाली, “आजोबा, हिने नवऱ्यासाठी एवढं केलं, आणि आता जवळ आहेत ते डॉक्टर नि दासी. तो कुठे आहे?”

मी विचारले, “हे कुठल्या रंगाच्या चिठ्ठीवर आहे?”

“कुठल्याच नाही,” ती म्हणाली.

इंग्रजी वाङ्मय आपल्याकडेही परीक्षेच्याच वाटेने आले. पण १८८३ साली आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले आणि १८९० साली देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, ते काही चिठ्ठ्या चिकटवून नव्हे. त्यांनी ते वाङ्मय पचविले, म्हणून ते मराठीत उतरले.

तेव्हा पालकहो, मुलगा पुण्यात असो वा लंडनात, त्याला ‘किती पाठ झाले?’ असे विचारण्यापूर्वी ‘काय वाटले?’ एवढे एकदा विचारा. आणि तो सांगू लागला, तर घड्याळाकडे पाहू नका.